‘अबाधित’ आणि ‘अबाध्य’ : एका कायदेशीर संज्ञेचा विचार

भोपाळच्या दक्षिणेस बाग सेवनिया नावाची वस्ती आहे. मुळात हे खेडे. पुढे शेजारी विजेच्या अवजड यंत्रांचा कारखाना उभा राहिला, त्याची वसाहत झाली, अलीकडे आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय आले, आणि खेड्याची शेते घरांच्या रांगांखाली गेली. कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून आलेली काही मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली आहेत. अशाच एका कुटुंबातील एक निवृत्त गृहस्थ काही महिन्यांपूर्वी दोन कागद घेऊन माझ्याकडे आले. एक होते त्यांच्या आजोबांनी अमरावती जिल्ह्यातील गावी करून दिलेले मराठी वाटणीपत्र, आणि दुसरे त्यांच्या इथल्या घराचे हिंदी विक्रयपत्र. गावी त्यांच्या वडिलांच्या वाट्यास आलेले एक शेत होते. वडिलांच्या मागे ते या दोघा भावांचे झाले. थोरले भाऊ ते कसत. ते वारल्यावर पुतण्या कसू लागला. त्या पुतण्याने आता पत्र धाडले होते की, ‘काका, आपण पस्तीस वर्षांत इकडे फिरकला नाहीत, सातबाऱ्यावर आपले नाव नाही, तेव्हा आपला हक्क आता उरला नाही असे येथील मंडळी म्हणतात.’

गृहस्थांनी वाटणीपत्रातील एका ओळीवर बोट ठेवले. शेत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने यावच्चंद्रदिवाकरौ अबाधित’ उपभोगावे, असे तीत होते. “गुरुजी, आपण मराठीचे शिक्षक. या ‘अबाधित’चा अर्थ मला एकदा नीट सांगा. अबाधित म्हणजे कधीच जात नाही तो हक्क ना?”

मी तत्काळ ‘हो’ म्हणणार होतो. म्हटले नाही हे बरे झाले, कारण विचार करता ध्यानात आले की या एका शब्दाच्या पोटात आपण तीन निरनिराळे अर्थ कोंबले आहेत आणि कायद्याला ते तिन्ही वेगळे लागतात. भाषांतरकार, शिक्षक आणि दस्त लिहिणारे यांच्या नित्य वापरातला हा शब्द आहे, म्हणून त्याची फोड येथे करीत आहे.

प्रथम व्याकरण पाहू. ‘बाध’ या धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून ‘बाधित’ होते व त्यास नञ् जोडून ‘अबाधित’. हा प्रत्यय घडून गेलेली गोष्ट सांगतो. अबाधित म्हणजे ज्याला आजपर्यंत बाध आलेला नाही ते. उद्या येणार नाही, अशी हमी त्या शब्दात नाही. तशी हमी हवी असेल तर कृत्य प्रत्यय लावून ‘अबाध्य’ असे म्हणावे लागते. म्हणजे ज्याला बाध येऊच शकत नाही ते. ‘अजित’ आणि ‘अजेय’ यांत जो भेद आहे तोच हा. अजित राजा म्हणजे अद्यापि न हरलेला. अजेय म्हणजे ज्याला हरवणे शक्य नाही असा. संस्कृतात हा भेद सर्वत्र काटेकोरपणे पाळला गेला आहे असे नाही, हे मी मान्य करतो. परंतु आपण ‘त्रिकालाबाधित सत्य’ असे म्हणतो तेव्हा ‘अबाधित’च्या मागे ‘त्रिकाल’ जोडण्याची गरज का पडते, याचा विचार करावा. भविष्यकाळ एकट्या ‘अबाधित’ला पेलवत नाही, म्हणून तिन्ही काळ उघड सांगावे लागतात.

‘बाध’ हा शब्दही साधा नव्हे. तो मीमांसेतून आणि वेदान्तातून आला आहे. दोरीवर सर्प दिसला, पुढे दिव्याच्या उजेडात दोरी दिसली, की पहिल्या ज्ञानाचा ‘बाध’ झाला. नंतर आलेल्या अधिक बलवान प्रमाणाने आधीचे प्रमाण रद्द होणे म्हणजे बाध. कायद्यातील हक्काचेही असेच असते. एक हक्क सिद्ध दिसतो, मग नंतरची अट, नंतरचा कायदा किंवा दुसऱ्याचा वरचढ दावा येतो आणि तो हक्क कोलमडतो. ज्या हक्कावर असा कोणताही नंतरचा घाव चालत नाही, त्याला ‘अबाध्य’ म्हणणे शास्त्राला धरून आहे.

आता दुसरा अर्थ. दुसऱ्याने हिरावता येत नाही ही एक गोष्ट. स्वतः मालकालाही देऊन टाकता येत नाही ही निराळी. या दुसऱ्या प्रकाराला आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी नाव दिलेले आहे : ‘अदेय’. नारदस्मृतीत काय देता येते आणि काय देता येत नाही याचे स्वतंत्र प्रकरण असून अदेय वस्तूंचे आठ प्रकार तेथे सांगितले आहेत. गहाण घेतलेली वस्तू, ठेव, समाईक मालमत्ता, बायको-मुले आणि संतती असता आपले सर्वस्व, ही त्यांतली काही. यांतील काही कल्पना आज कोणी मानणार नाही, पण वर्ग नेमका आहे. इंग्रजी कायद्यातील संज्ञेसाठी ‘अहस्तांतरणीय’ असा लांबलचक शब्द आपण घडवला. चार अक्षरे अधिक खर्चून जुनाच शब्द का विसरला गेला, कोण जाणे.

तिसरा अर्थ काळाशी निगडित आहे. काही हक्क कोणी हिरावत नाही, मालकही देत नाही, पण नुसता काळ लोटल्याने ते मावळतात. याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे की मालकाच्या डोळ्यांदेखत आणि तो काही न बोलता दुसऱ्याने जमीन भोगली तर वीस वर्षांत, आणि जंगम वस्तू भोगली तर दहा वर्षांत, हानी होते. लगेच पुढे अपवाद दिले आहेत. गहाण, सीमा, ठेव, अज्ञान बालकाचे व जडबुद्धीचे धन, राजाचे, स्त्रियांचे व श्रोत्रियांचे धन, यांना हा नियम लागत नाही. या अपवादातले धन ‘कालाबाध्य’ म्हणता येईल. कल्याणीच्या चालुक्यांच्या छायेत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराला मूळ नियमही जाचला. वीस वर्षांनी जाते ते जमिनीचे उत्पन्न, जमीन नव्हे, असा अर्थ त्याने लावला. गप्प बसलेल्या मालकाची बाजू घेणारा हा टीकाकार मला नेहमीच आपला वाटत आला आहे.

तर अबाध्य, अदेय आणि कालाबाध्य हे तीन गुण झाले. एकाच हक्काच्या ठिकाणी तिन्ही असतीलच असे नाही, आणि मौज अशी की मराठी मुलुखाच्या इतिहासात ते बहुधा एकत्र नाहीतच.

मिरास या संस्थेकडे पाहावे. शब्द अरबी, अर्थ वारसा. गावात मिरासदार आणि उपरी असे दोन तऱ्हेचे कुणबी असत. उपरी हा कौलाने, मुदतीपुरता जमीन कसणारा. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सरकारची पट्टी देत आहे तोवर त्याला कोणी उठवू शकत नसे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या हक्काचे वर्णन आहे. मिरास वारशाने जाते आणि विकताही येते, असे तो नमूद करतो. आणि पट्टी थकून जमीन सुटली तरी थकबाकी भरून ती परत मागण्याचा मिरासदाराचा हक्क किमान तीस वर्षे शिल्लक राहतो, असेही सांगतो. दुष्काळात किंवा दंग्यात गाव सोडून परागंदा झालेला कुणबी पंधरा-वीस वर्षांनी परतला, तर त्याचे शेत दुसरा कसत असला तरी ते त्याचेच ठरे. म्हणजे मिरास ही अदेय नव्हती, कारण ती विकली जाई. पण ती बव्हंशी अबाध्य होती आणि दीर्घकाळपर्यंत काळालाही पुरून उरणारी होती. माझ्या शेजाऱ्यांच्या पस्तीस वर्षांचा निवाडा गोतसभेपुढे आला असता, तर मंडळींनी निदान थोडी डोकी खाजवली असती.

असे हक्क टिकवण्यासाठी आपल्या पूर्वजांनी विशेषणांवर भरवसा ठेवला नाही, ही मला फार बोधक गोष्ट वाटते. त्यांनी साक्षी उभे केले. शिलाहार आणि यादव यांच्या काळच्या दानशिळा कोकणात व देशावर आढळतात. त्यांच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, आणि कित्येकांवर खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी असते. म्हणून त्या दगडांना ‘गधेगळ’ म्हणतात. पुढे महजर आले. त्यांवर गोताच्या साक्षी, पाटलाचा नांगर, ज्याच्या त्याच्या हत्याराची निशाणी, आणि शेवटी हिंदूला गाईची व मुसलमानाला डुकराची शपथ. आजचे खरेदीखत लिहिणारा लेखनिक ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असे लिहितो तेव्हा तो त्या शिळेवरचे चंद्र-सूर्यच शाईने उतरवीत असतो, मात्र त्याला त्याची जाणीव नसते. (गाढव तेवढे गाळले गेले.) शस्त्राने मिळवलेल्या हक्कालाही कागद हवासा वाटे. भोपाळच्या लढाईनंतर १७३८ मध्ये दोराहा येथे निजामाने बाजीरावास माळव्याच्या सनदेचे वचन दिले. मराठी फौजा माळव्यात वर्षानुवर्षे नांदत होत्या, तरी बादशाही फर्मान १७४१ मध्ये नानासाहेबांच्या हाती पडेपर्यंत पुण्याच्या दरबाराला स्वस्थता नव्हती.

पण चंद्र-सूर्यांची साक्ष टिकली का? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांकडे किती सावधपणे पाहिले आहे ते अभ्यासकांस ठाऊक आहे. वतनदार हे राज्याचे लहान लहान वाटेकरीच आहेत, त्यांना दुखवू नये आणि डोक्यावरही चढू देऊ नये, असा तेथला विचार आहे. एकाचा अबाध्य हक्क ही दुसऱ्याची अडचण असते, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसवले आणि आचंद्रार्क सनदा कारकुनांच्या मेजावर तपासणीला आल्या. ज्यांना पुरावा देता आला नाही त्यांची इनामे गेली. सातारच्या छत्रपतींशी १८१९ मध्ये केलेल्या तहात राज्य त्यांच्याकडे व त्यांच्या वारसांकडे निरंतर चालेल असे होते. १८४८ मध्ये ते खालसा झाले. स्वातंत्र्यानंतर परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या मुंबई कायद्याने आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपली. या शेवटच्या कायद्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. महार वतनाच्या नावाखाली एका समाजाकडून पिढ्यान्‌पिढ्या गावकी राबवून घेतली जात होती, आणि ते वतन नष्ट व्हावे म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. काही हक्क धारकालाच बेडीसारखे असतात. त्यांचे अबाध्यत्व मोडणे हेच न्यायाचे असते.

इथवर जमिनीचे पाहिले. परंतु या संज्ञेची खरी परीक्षा झाली ती माणसाच्या देहाच्या बाबतीत, आणि ती आमच्या मध्यप्रदेशातून निघालेल्या एका खटल्यात झाली. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी घोषित झाली आणि दोन दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने, इतर काही उच्च न्यायालयांप्रमाणे, स्थानबद्धांचे अर्ज तरीही ऐकता येतात असे ठरवले. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. प्रश्न असा होता : जगण्याचा हक्क संविधानाने दिला म्हणून आहे, की संविधानाने तो केवळ मान्य केला? दिला असेल तर देणाऱ्याने घालून दिलेल्या रीतीने तो थांबवता येईल. मुळातच असेल तर नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरुद्ध मत नोंदवले. बहुमतात पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे केले. आणि २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरवून रद्द केला. तसे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. बाधाचे याहून बोलके उदाहरण मीमांसेच्या ग्रंथांतही सापडणे कठीण आहे.

याच थोरल्या चंद्रचूडांनी सरन्यायाधीश या नात्याने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात दिलेला निकाल आपल्या विषयाला अगदी लागू पडतो. रहिवाशांनी पूर्वी उच्च न्यायालयात पदपथावर झोपड्या घालण्याचा आपणास मूलभूत हक्क नाही असे कबूल केले होते. महापालिका म्हणाली, आता तुम्हांला बोलता येणार नाही. न्यायालयाने सांगितले की मूलभूत हक्क कबुलीने सुटत नाही. म्हणजे तो अदेय आहे. मात्र त्याच निकालाने, रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवता येतील असेही ठरवले. अदेय हक्क अबाध्य असतोच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

सध्या न्यायालयांच्या निकालांत ‘अबाध्य हक्क’ ही कल्पना सर्वांत अधिक ऐकू येते ती जामिनाच्या संदर्भात. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत, तपास पुरा करून आरोपपत्र दाखल केले नाही, तर कैदेतील आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम १६७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १८७ मध्ये आहे. न्यायालये या हक्काला इंग्रजीत जे विशेषण लावतात त्याचा अर्थ अबाध्य असाच होतो. पण १९९४ मध्ये मुंबई बॉम्बस्फोटांच्या प्रकरणातून निघालेल्या संजय दत्त खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितले की हा हक्क आरोपपत्र दाखल होईपर्यंतच बजावता येतो. तोवर मागितला नाही तर गेला. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या उदय मोहनलाल आचार्य यांच्या खटल्यात खुलासा झाला की आरोपीने अर्ज केला आणि जामीन देण्याची तयारी दाखवली की हक्क बजावला असे धरावे. नंतर आरोपपत्र आले म्हणून तो बुडत नाही. येथे शब्दाचा अर्थ आरशासारखा स्वच्छ झाला आहे. हक्क अबाध्य आहे, कालाबाध्य नाही. मागणाऱ्यापुढे त्याला कोणी अडवू शकत नाही. न मागणाऱ्यासाठी तो थांबत नाही. वकील नसलेला, अक्षरशत्रू कैदी एकसष्टाव्या दिवशी गप्प बसला, तर बासष्टाव्या दिवशी त्या थोर विशेषणाचा त्याला काडीचा उपयोग नसतो. अशा माणसाला ‘तुझा हक्क अबाधित आहे’ असे मराठीत सांगणे म्हणजे त्याची दिशाभूल करणे होय.

मराठी कायद्यांच्या भाषेत ‘यास बाध न येता’ ही शब्दयोजना चांगली रुळली आहे, आणि खरेदीखतांत ‘निर्वेध व बोजारहित’ हेही ठीक आहे. निर्वेध म्हणजे आज त्यावर कोणाचा अडथळा नाही. ते वर्तमानाचे विधान आहे आणि तेवढेच राहते. ‘अबाधित’लाही तेवढेच काम द्यावे. जेथे पुढेही कोणी मोडू शकत नाही असे म्हणावयाचे असेल तेथे ‘अबाध्य’ लिहावे. आम्हां मध्यप्रदेशातील मराठी माणसांची यात एक जास्तीची अडचण आहे. हिंदीत ‘बाध्य’ म्हणजे भाग पाडलेला, विवश. इथल्या कचेरीतल्या बाबूला ‘अबाध्य अधिकार’ वाचून जो पाळण्याची सक्ती नाही असा अधिकार, असा नेमका उलटा बोध होण्याचा संभव आहे. तेव्हा दोन भाषांत दस्त करताना हिंदीकडे ‘निर्बाध’ असे न लिहिता संपूर्ण वाक्यच लिहावे हे बरे. बाग सेवनियासारख्या वस्त्यांत १९८४ च्या कायद्याने भूमिहीनांना दिलेले पट्टे ठाऊक असलेल्यास हे चटकन पटेल. पट्टा वारशाने जातो, विकता येत नाही आणि अट मोडली तर रद्द होतो. म्हणजे तो अदेय आहे, पण अबाध्य नाही; मिरासीच्या बरोबर उलट. हे ज्याला कळले नाही त्याने कोऱ्या मुद्रांकावर पट्टा ‘विकत’ घेतला, तर त्याचे घर आणि पैसे दोन्ही जाण्याची भीती असते.

आता शेजाऱ्यांकडे वळतो. मी त्यांना सांगितले की आपल्या वाटणीपत्रातील ‘अबाधित’ शब्दाने आपणास काही मिळत नाही. तो आजोबांचा आशीर्वाद आहे, कायदा नव्हे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने परक्याने बारा वर्षे उघडपणे, मालकी झुगारून जमीन भोगली तर मालकाचा हक्क संपतो. परंतु पुतण्या हा परका नव्हे. दोघे भाऊ त्या शेताचे समाईक मालक होते, आणि एका समाईक मालकाचा ताबा हा कायद्याने सर्वांच्या वतीने असतो. आपला हिस्सा आम्हांस मान्य नाही असे उघडपणे सांगून बेदखल केल्याशिवाय त्या मुदतीची सुरुवातच होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ पासून सांगितलेले आहे. सातबाऱ्यावरील नोंद महसुलापुरती; तिने मालकी ना येते ना जाते. मात्र पुतण्याचे हे पत्र म्हणजेच तसा उघड इन्कार, असे उद्या कोणी म्हणू शकेल. म्हणून आजपासून घड्याळ चालू झाले असे धरावे आणि वकील गाठावा.

त्यांनी वाटणीपत्राची घडी घातली. मग पुतण्यास लिहिलेले उत्तर खिशातून काढून मला दाखवले. त्यात ‘माझा हक्क अबाधित आहे’ असे मोठ्या अक्षरांत होते. त्यांनी माझी लेखणी मागून घेतली, ते वाक्य खोडले आणि त्याखाली लिहिले : ‘माझा अर्धा हिस्सा मी सोडलेला नाही. पुढल्या महिन्यात मोजणीसाठी येत आहे.’